लुईझा पॉइंटवरचा बिननावाचा माणूस

गेल्या महिन्यात एका मित्राच्या नव्या घरी गेलो होतो. मित्र चळवळीतलाच, सरकारी नोकरीत आहे, वीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून आता स्वतःचा फ्लॅट घेतलाय. हॉलमध्ये एका भिंतीवर बाबासाहेब, समोर बुद्धमूर्ती आणि सोफ्याच्या वर एक मोठी फ्रेम. फ्रेममध्ये जुनाट, तपकिरी पडलेला फोटो. मुंबईच्या चोर बाजारातून आणलेला. समोर उभा कडा, खाली खोल दरी, पलीकडे प्रबळगडाचा डोंगर, वर मोकळं आभाळ. खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत शाईने लिहिलेलं : लुईझा पॉइंट, माथेरान.

मित्र कौतुकाने म्हणाला, "बघ, काय शांत वाटतं. हॉटेल नाही, गर्दी नाही, एकही माणूस नाही. खरं माथेरान हे."

मी उठून जवळ गेलो. कड्याच्या अगदी टोकावर नखाएवढा एक माणूस उभा होता. कमरेला आखूड धोतर, डोक्याला फडकं. सहा महिने हा फोटो मित्राच्या सोफ्यावर टांगलेला होता आणि तो माणूस त्याला दिसला नव्हता.

मी मित्राला काही बोललो नाही, कारण बोलायचा अधिकार मलाही नव्हता. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी त्या फोटोबद्दल.

मित्रांनो, थंड हवेच्या ठिकाणांचे असे जुने फोटो आज व्हॉट्सॲपवर, कॅलेंडरवर, हॉटेलांच्या लॉबीत सगळीकडे दिसतात. सिमला, दार्जिलिंग, उटी, महाबळेश्वर, माथेरान. 'जुनं ते सोनं' म्हणून आपणही ते पुढे ढकलतो. पण हा फोटो निघायचा कसा, हे एकदा समजून घ्या.

तेव्हा फिल्म नव्हती. काचेची मोठी पाटी असायची. तिच्यावर जागेवरच कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, मग ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. पाटी वाळली की संपलं. म्हणून ती तिथल्या तिथे अंधारात धुवावी लागे. त्यासाठी काळ्या कापडाचा तंबू सोबत न्यावा लागे. म्हणजे फोटो काढायला डोंगरावर काय काय जायचं? लाकडी कॅमेरा, तिपाई, काचेच्या पाट्यांची खोकी, रसायनांच्या बाटल्या, तंबू, पाणी आणि शिवाय साहेबाचा पलंग, खाणंपिणं. हे सगळं डोंगरावर कुणाच्या पाठीवरून गेलं असेल?

या प्रकारच्या फोटोंचा उस्ताद म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो सॅम्युअल बॉर्न. १८६३ मध्ये तो भारतात आला. सिमल्यात त्याचा स्टुडिओ होता, पुढे तो 'बॉर्न अँड शेफर्ड' म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी तो सिमल्याहून हिमालयात फोटो काढायला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते. एक माणूस फोटो काढणारा आणि तीस माणसं ओझं वाहणारी. हे कुणा विरोधकाने लिहिलेलं नाही. बॉर्नने स्वतःच आपल्या प्रवासाची हकिकत लंडनच्या 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'मध्ये छापली. हमाल ओझं टाकून पळून गेले की तो काठी घेऊन त्यांना शोधायला जायचा, हेही त्याने लपवलेलं नाही. लपवावं असं त्याला वाटलंच नाही.

त्याचे फोटो मात्र पाहा. किती निर्मळ, किती निवांत! त्या तीसजणांच्या घामाचा एक थेंब त्या काचेवर पडलेला नाही.

आणि कड्यावर जो एखादा माणूस दिसतो, तो कशासाठी? कडा किती उंच, झाड किती मोठं, हे विलायतेतल्या बघणाऱ्याला कळावं म्हणून. एखाद्या 'नेटिव्ह'ला टोकावर उभं करायचं आणि हलू नको म्हणून सांगायचं. काही सेकंद तो हलला तर पाटीवर नुसता धुरकट डाग उरायचा. म्हणजे त्या फोटोत माणूस आहे तो माणूस म्हणून नाही, मोजपट्टी म्हणून आहे. कड्याचं नाव लिहिलं गेलं, मोजपट्टीचं कोण लिहिणार?

आता माथेरानकडे या. शाळेच्या पुस्तकापासून गाइडच्या तोंडापर्यंत एकच वाक्य : १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरानचा 'शोध लावला'. तो चौक गावाकडून वर चढला. पण चढला ती वाट कुणाची होती? त्या डोंगरात ठाकर होते, कातकरी होते, धनगर होते. त्यांची गुरं, त्यांची लाकूडफाटा आणायची पायवाट, त्यांचे देव, सगळं आधीपासून होतं. ज्याला वाट माहीत होती तो अडाणी ठरला आणि ज्याला ती दाखवावी लागली तो शोधक ठरला. मग बंगले आले, पॉइंट आले. लुईझा, शार्लोट, अलेक्झांडर अशी नावं आली. याच माथेरानात १९१२ मध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल कोतवाल जन्मले, वकील झाले, कर्जत-मुरबाडच्या गरीब शेतकऱ्यांसाठी उभे राहिले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीने गेले. माथेरानला वर्षाला लाखो लोक जातात. त्यातल्या किती जणांना भाई कोतवाल माहीत आहेत? लुईझा पॉइंट मात्र सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे.

कुणी म्हणेल, ओझं वाहणं हा गरिबीचा प्रश्न आहे, यात जात कुठे आली? प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तर द्यायला हवं.

साहेबाचा मुक्काम गावात पडला की त्याचं सामान पुढच्या मुक्कामापर्यंत पोचवायचं, वाट दाखवायची, घोड्याला गवत आणायचं. आपल्या मुलखात हे काम कोणाचं होतं? मजूर बोलावून मजुरी ठरवून हे काम होत नसे. ते महाराच्या वतनात होतं. घरात मयत झालं तरी, ताप असला तरी, शेतात कापणी असली तरी बोलावणं आलं की जायचं. त्याच्या बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाने दिलेलं बलुतं. ती जमीन हीच साखळी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखलं. म्हणून १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. ते पास होऊ दिलं गेलं नाही. ही वतनं कायद्याने जायला १९५८ उजाडलं, तेव्हा बाबासाहेब नव्हते.

लाहोरला न होऊ शकलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जो मुद्दा मांडला तो इथे लावून बघा. जातिव्यवस्था कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी करते आणि त्यांना एकाखाली एक रचते. ओझं हे काम आहे. पण ओझं कुणी वाहायचं हे जन्माआधी ठरलेलं असणं, ही जात आहे.

आणि याची दुसरी बाजू बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर सोसली. १९२९ ची गोष्ट. धुळ्याहून परतताना ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. आपली माणसं त्यांना वस्तीवर न्यायला आली होती. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतलाच एकजण हाकायला बसला, त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसाला टांगेवाल्याने नाकारलं, कारण टांगेवाल्याला आपली जात बॅरिस्टरच्या वर वाटत होती. या देशात कोण वाहणार आणि कोण वाहिला जाणार, हे दोन्ही जातीने ठरवलं. आपल्याला ओझ्याखाली जागा होती, गाडीत नव्हती.

आता माझी गोष्ट.

माझा मोठा मामा माथेरानला हातरिक्षा ओढायचा. नेरळजवळच्या आमच्या आजोळी जमीन नव्हती, मामा सातवीत शाळेतून सुटलेला. बावीस वर्षं त्याने रिक्षा ओढली. हातरिक्षा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकजण पुढे दांड्यात, दोघे मागून ढकलायला. चढावर मागच्या दोघांची छाती फाटते, उतारावर पुढच्याचे गुडघे जातात. पावसाळ्यात ती लाल माती साबणासारखी होते. मामा पुढे असायचा. मागे एक धनगर, एक ठाकर. मामा म्हणायचा, "आमच्या रिक्षाला तीन जाती लागायच्या, बसणाऱ्याला एक पण लागायची नाही. पैसे असले की झालं." रिक्षाचं लायसन दुसऱ्याच्या नावावर होतं. दिवसाच्या कमाईतला वाटा आधी त्याला, मग उरलेल्याचे तीन भाग.

१९९८ मध्ये मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वर्गाची सहल माथेरानला निघाली. मामा तिथे आहे हे मला माहीत होतं. बरोबरच्या मुलांना ते कळू नये एवढीच माझी इच्छा होती. माझं आडनाव बघून होस्टेलमध्ये आधीच जे व्हायचं ते होत होतं, त्यात ही भर नको होती. दस्तुरी नाक्यावर पोरांनी मौजेखातर दोन रिक्षा ठरवल्या. शर्यत लावायची म्हणाले. दुसऱ्या रिक्षाच्या दांड्यात मामा होता.

त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. त्याने डोळ्याने एवढीशी खूण केली आणि मान खाली घातली. एका मित्राने माझा हात ओढला आणि मी त्याच्या शेजारी बसलो. मी उतरलो नाही. बाजारपेठेपर्यंतच्या त्या वाटेवर माझ्यासमोर मामाची पाठ होती. शर्ट भिजून चिकटला होता. मागे पोरं ओरडत होती, "जोरात, काका, जोरात!" बाजारात उतरल्यावर पोरांनी रिक्षाचा फोटो काढला. रिक्षा आली, आम्ही आलो, मागे झाडं आली. मामा बाजूला सरकून उभा राहिला, कारण फोटो काढणारा त्याला म्हणाला, "काका, जरा साइडला."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. म्हणून मित्राच्या हॉलमध्ये मी गप्प राहिलो. त्याला माणूस दिसला नव्हता. मला दिसला होता आणि मी त्याला फ्रेमच्या बाहेर जाऊ दिलं होतं.

पुढे कित्येक वर्षांनी मामाकडे हे बोललो. माफी मागितली म्हणा. मामा हसला. म्हणाला, "अरे, तू ओळख दाखवली असतीस तर मला त्या फेरीचे पैसे घेता आले असते का? भाच्याकडून पैसे घेतात का कुणी? त्या दोघांचे भाग कुठून दिले असते मी?" मी इतकी वर्षं माझ्या लाजेचा हिशोब करत होतो. मामाचा हिशोब तीन घरांच्या चुलीचा होता. खूण त्याने माझी अब्रू वाचवायला केली होती की फेरी वाचवायला, हे मी त्याला विचारलं नाही. दोन्ही असेल.

म्हणून जेव्हा कुणी आपल्याला ऐकवतं की 'कोणतंही काम हलकं नसतं', तेव्हा मला त्या वाक्याचा राग येतो. हे वाक्य बसणाराच बोलतो. ज्याच्यापुढे दुसरा रस्ता आहे त्याने निवडलेलं काम सन्मानाचं असतं. ज्याच्यापुढे रस्ताच नाही त्याच्याकडून करून घेतलेलं काम म्हणजे वेठ. भाडं ठरलं, पावती मिळाली म्हणून वेठ बदलत नाही.

दुसरं एक वाक्य पर्यावरणाचं. माथेरान २००३ पासून संवेदनशील क्षेत्र आहे, दस्तुरीच्या पुढे मोटार नाही. चांगलंच आहे, डोंगर वाचला पाहिजे. पण मोटारीचा धूर नको म्हणून माणसाचा श्वास वापरायचा, हे कुठलं पर्यावरण? शहरातल्या माणसाला शुद्ध हवा मिळावी म्हणून मामाच्या फुप्फुसांनी इंजिन व्हायचं? हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. आणि ६ ऑगस्ट २०२५ ला निकाल आला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. विनोद चंद्रन आणि न्या. अंजारिया यांच्या खंडपीठाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी आहे, स्वातंत्र्याच्या ७८ वर्षांनंतरही ती चालू ठेवणं म्हणजे संविधानाने लोकांना दिलेल्या सामाजिक आणि आर्थिक न्यायाच्या वचनाचा विश्वासघात आहे. सहा महिन्यांत हातरिक्षा टप्प्याटप्प्याने बंद करा. गुजरातमध्ये केवडियाला आहे तशी योजना करून खऱ्या हातरिक्षाचालकांना ई-रिक्षा द्या. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

रा. सू. गवईंचा मुलगा, या देशाचा पहिला बौद्ध सरन्यायाधीश, त्या खुर्चीवरून हे सांगतो, याचा मला आनंद झाला. का होऊ नये? पण त्याच निकालात एक जुनी आठवणही आहे. पंजाबातल्या सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूने १९८० मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला होता. मुद्दा हाच होता की ओढणारा हाच मालक झाला पाहिजे आणि त्यासाठी त्याला कर्ज मिळालं पाहिजे. मधे ४५ वर्षं गेली. त्यातली बावीस माझ्या मामाची.

निकाल आला त्या संध्याकाळी मी मामाला फोन केला. त्याचं वय आता बाहत्तर, जिना चढवत नाही. तो म्हणाला, "बरं झालं. माझे गुडघे काही कोर्ट परत देणार नाही. पण गाडी ओढणाऱ्या पोरांच्या नावावर झाली पाहिजे. नाहीतर परत लायसन एकाचं, घाम दुसऱ्याचा."

चळवळीतल्या तरुणांनी मामाचं हे वाक्य लिहून ठेवावं. निकालाची पोस्ट टाकून आपलं काम संपत नाही. ई-रिक्षा कुणाच्या नावावर झाली? यादीत ओढणारे किती, नुसते लायसनवाले किती? डोक्यावर भाजी, गॅस, विटा घेऊन वर चढणाऱ्या वाड्यांतल्या आदिवासी बायांचं काय? ही माहिती अधिकाराखाली मागायची गोष्ट आहे. ज्या जिल्ह्यात महाडचं चवदार तळं आहे त्याच जिल्ह्यात माथेरान आहे. महाडला आपण पाण्यावरचा हक्क मागितला, माणूसपणाचा हक्क मागितला. महाडहून आणलेली प्रेरणा माथेरानच्या घाटाखाली ठेवून वर सहलीला जाता येणार नाही.

आणि एक छोटी गोष्ट. आपल्या घरात ज्यांच्या पाठीवरून हे डोंगर वर गेले, हे बंगले बांधले गेले, त्यांची नावं आजच विचारून लिहून ठेवा. आजी-आजोबा आहेत तोवर. साहेबाच्या फोटोखाली ती कधी येणार नाहीत. ती आपल्यालाच लिहावी लागतील.

मित्राच्या घरच्या त्या फोटोचा मी मोबाइलवर फोटो काढून आणला होता. गेल्या रविवारी मामाला दाखवला. मी काहीच सांगितलं नाही, नुसता मोबाइल हातात दिला. मामाने डोळे बारीक केले, स्क्रीन जवळ घेतला. कड्याचं बोलला नाही, दरीचं बोलला नाही, प्रबळगडाचं बोलला नाही. पहिलाच प्रश्न त्याने विचारला :

"ह्या माणसाला एवढ्या टोकाला कशाला उभं केलंय?"

दुसऱ्या दिवशी मी मित्राला फोन करून सगळं सांगितलं, १९९८ ची सहलसुद्धा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, फ्रेम काढत नाही, पण तिच्याखाली एक पट्टी लावतो. त्यावर काय लिहायचं, हे त्याने मामालाच विचारायचं ठरवलं आहे.

जय भीम.